कर्नलच्या मानेतला त्रिकोण

मर्विन टेटने स्क्रीन भिंतीकडे वळवली, खुर्ची स्क्रीनकडे वळवली, आणि मेंढ्याच्या गालावर उरलेल्या एका त्रिकोणाकडे तो पाहत बसला. मेंढ्याच्या डोक्यावर नऊ हजारांच्या वर चौकोन होते. सगळे शिस्तीत, नाकापासून मानेपर्यंत रांगा धरून. त्यांच्यात हा एकच त्रिकोण, भलत्याच लग्नात जेवायला बसलेल्या माणसासारखा.

मर्विनने त्याच्या शेजारचे दोन चौकोन मोडले आणि तिघांना मिळून पुन्हा नीट जुळवलं. गाल स्वच्छ झाला. त्रिकोण कानामागे निघाला.

लायल बेच्या किनाऱ्यामागच्या रस्त्यावर पूर्वी एक धुलाई कारखाना होता, त्याच इमारतीत हा स्टुडिओ. इथे जाहिरातींसाठी आणि सिनेमांसाठी संगणकावर प्राणी तयार होतात: पोहणारे, नाचणारे, इन्शुरन्स विकणारे. सध्या काम होतं वायरारापातल्या एका लोकर कंपनीचं. त्यांच्या जाहिरातीत कर्नल नावाचा मेरिनो मेंढा समुद्रात सूर मारून कोरडाच बाहेर येणार होता. कर्नल खरा होता आणि तीन प्रदर्शनांत पहिला आला होता. आल्याच्या बिस्किटांच्या लाचेवर तो कॅमेऱ्यांच्या घोळक्यात पुतळ्यासारखा उभा राहिला, आणि यंत्राने त्याच्या अंगावरच्या प्रत्येक वळीची जाळी तयार करून दिली. जाळी त्रिकोणांची होती. यंत्राला त्रिकोण सोपे पडतात. कुठलेही तीन बिंदू घेतले की त्रिकोण होतो, विचार करावा लागत नाही.

पण त्रिकोणांच्या मेंढ्याला हलवता येत नाही. म्हणजे येतं, पण मान वळवली की कातडी चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. चौकोनांच्या रांगा असतात, आणि मान वळली की त्या रांगा चटईच्या पट्ट्यांसारख्या एकत्र वाकतात. म्हणून दोन-दोन त्रिकोणांची जोडी लावायची, मधली रेघ पुसायची, झालेला चौकोन सरळ करायचा. थोडं काम यंत्र करतं. उरलेलं माणसाला करावं लागतं, आणि मर्विन ते इतकी वर्षं करत होता की त्याला घरातल्या फरशाही वाकड्या दिसत.

स्टुडिओत एक नियम होता. ज्याच्या पूर्ण झालेल्या कामात एखादा त्रिकोण सापडेल, त्याने शुक्रवारच्या सकाळच्या चहाला केक आणायचा. विकतचा चालणार नाही, स्वतः भाजलेला हवा. नियम मर्विनचाच होता. सगळ्यांनी कधी ना कधी केक आणला होता; मर्विनने आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या तेउइलाने मात्र कधीच नाही. मर्विन दुसऱ्यांचे केक आवडीने खायचा आणि खाताना मतही द्यायचा. जाळीवर लोकर उगवून आणण्याचं काम करणाऱ्या पिरिपीने आणलेल्या गाजराच्या केकला तो म्हणाला होता, "चव बरी आहे. बांधणी कमी पडली. तुझ्या त्या सील प्राण्यासारखीच."

या आठवड्यात मात्र केकपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली होती. विभागाचा जुना प्रमुख मधमाश्या पाळायला नेल्सनला निघून गेला होता. जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोनच नावं होती: मर्विन टेट आणि तेउइला फाआसावालू. स्टुडिओची मालकीण हूइया पारातेने हिने सरळ सांगून टाकलं होतं की कर्नल जुळला की ती नाव जाहीर करेल. मर्विनची बायको ग्लेनिस हिने ते नाव आपल्या बोल्स खेळायच्या क्लबात आधीच जाहीर केलं होतं. तिकडे पोरिरुआत तेउइलाच्या मावश्यांनी भाचीला 'मॅनेजरबाई' म्हणायला सुरुवात केली होती. म्हणजे दोन्हीकडे परतीची वाट बंद होती.

कर्नलचे दोन भाग केले होते. डोकं मर्विनकडे, धड तेउइलाकडे. कापलं होतं मानेवर. तिथे छोट्या-छोट्या रेघा टोकाला टोक जोडून एक कडं केलेलं होतं. डोकं त्या कड्यावर संपायचं, धड त्याच कड्यावर सुरू व्हायचं. दोघांकडे तेच कडं असलं तरच शेवटी मान जुळणार. साठ रेघांचं कडं ठरलं होतं. पण मालकिणीची, म्हणजे मेंढ्याच्या मालकिणीची, एक अट होती. जाहिरातीत आपला कर्नलच दिसला पाहिजे, कुठलाही मेंढा नाही. त्याचा उजवा कान फाटका आहे, तो फाटकाच हवा. मानेला डावीकडे एक वळी जास्त आहे, तीही हवी. तेव्हा मर्विनने बैठकीत सुचवलं की त्या वळीच्या तळाशी एक रेघ वाढवू. तेउइला म्हणाली, वाढव. हूइया म्हणाली, ठीक आहे. एकसष्ट रेघांचं कडं झालं, त्याला कुलूप लागलं, आणि त्याच दुपारी पिरिपीने कड्यापासून लोकर उगवून आणायला घेतली.

चूक इथेच झाली होती, पण ती दिसण्यासारखी नव्हती. प्रत्येक चौकोनाला चार रेघा असतात. आतली प्रत्येक रेघ शेजारच्या दोन चौकोनांत सामायिक असते, काठावरची मात्र एकाचीच. चौकोनांच्या सगळ्या रेघांची बेरीज सम येते. आतल्या रेघा दोनदा मोजल्या जातात, म्हणून त्याही सम. मग काठावर उरतात त्याही सम असल्याच पाहिजेत. कर्नलच्या डोक्याला काठ एकच होता, मानेचा. डोळे, नाकपुड्या, तोंड हे सगळे आत बंद होणारे खिसे होते. धडालाही तोच एक काठ. आणि त्या काठावर रेघा एकसष्ट. अशा डोक्यात निदान एक त्रिकोण राहणारच. तो हवा तिथे सरकवता येतो, पण डोक्याबाहेर काढता येत नाही.

एवढं साधं गणित मर्विनला का सुचलं नाही, याचंही कारण आहे. या धंद्यात प्राणी अर्धाच करतात. डावी बाजू करायची आणि तीच आरशातल्यासारखी उजवीकडे उलटवायची. असं केलं की सगळी कडी आपोआप सम येतात. मोजायची वेळच येत नाही. एखादं कडं सम आहे की विषम हे मर्विनने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. कर्नल हा त्याचा पहिला वाकडा प्राणी.

त्रिकोण कानामागून शिंगाच्या मुळाशी गेला. तिथून भुवईवर. तिथून हनुवटीखाली. मंगळवारी मर्विनने वेगळा मार्ग धरला. त्रिकोणाच्या पोटात तीन रेघा टाकून त्याचे तीन छोटे चौकोन केले. ते छान झाले, पण त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनाही प्रत्येकी एक रेघ चिरावी लागली, मग त्यांच्या शेजाऱ्यांना. ती चीर डोकंभर भटकत शेवटी मानेच्या कड्यावर जाऊन धडकली. कड्याला कुलूप होतं. मर्विनने सगळं परत पूर्वीसारखं केलं. त्रिकोण हनुवटीखाली जागच्या जागी होता.

मर्विन आणि तेउइला यांच्या टेबलांमध्ये छातीएवढ्या उंचीची एक फळी होती. तिच्यावर पलीकडून तेउइलाच्या केसांचा अंबाडा दिसायचा. त्या दिवशी दुपारी अंबाडा वर आला आणि त्याखाली तेउइलाचा चेहरा.

"काय मर्व, डोकं कुठवर आलं?"

"झालं," मर्विन म्हणाला. "कालच झालं. आता उगाच शोभेचं करतोय. तुझं धड?"

"ते काय, केव्हाच झालं." तिने फळीवरून वाकून पाहिलं. "मग स्क्रीन का वळवलीस?"

"ऊन येतं."

तेउइलाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर दक्षिणेचा वारा सुटला होता आणि पाऊस आडवा पडत होता. मर्विनला तेवढ्यात फळीवरून दिसलं की तिचीही स्क्रीन भिंतीकडे आहे. पण तो आपल्या उत्तराने इतका खूश झाला होता की त्या गोष्टीचा त्याने पुढे विचार केला नाही.

हे बोलणं मागून जाणाऱ्या हूइयाने ऐकलं. तिला आनंद झाला. जुळणी खरं तर पुढच्या आठवड्यात होती. पण दोघांचंही काम झालंच आहे, तर थांबायचं कशाला? तिने लोकर कंपनीला फोन केला आणि येऊन सांगितलं की जुळणी या शुक्रवारीच, सकाळच्या चहाच्या वेळी, मोठ्या पडद्यावर. सगळ्यांनी यायचं. नावही तेव्हाच जाहीर करू. "तुम्हा दोघांचं हे मला आवडतं," ती म्हणाली. "कटकट नाही."

दोघांनीही मान डोलावली.

बुधवारी सकाळी मर्विन कॉफीचा कप घेऊन पिरिपीकडे गेला. तो कधी कुणासाठी कॉफी नेत नसे, म्हणून पिरिपी सावध झाला. मर्विनने हवापाण्याची चौकशी केली, पिरिपीच्या मुलीच्या नेटबॉलची केली, आणि मग अगदी सहज विचारलं, की समज, नुसतं समज, मानेच्या कड्यातली एखादी रेघ कमी केली, तर लोकरीला कितपत धक्का बसेल?

"धक्का?" पिरिपी म्हणाला. "सगळी लोकर भादरावी लागेल. एकेक केस त्या कड्याच्या हिशेबाने उगवलाय. पुन्हा पहिल्यापासून."

"नाही, मी आपलं कुतूहल म्हणून."

"तुम्हा लोकांना या आठवड्यात माझ्या लोकरीचं फार कुतूहल आलंय," पिरिपी म्हणाला आणि कॉफी प्यायला लागला.

मर्विनला वाटलं, चला, आपल्या कामाबद्दल लोकांना आस्था आहे म्हणून हा सुखावलेला दिसतो. तो जागेवर परतला आणि त्याने शेवटचा निर्णय घेतला. त्रिकोण जात नसेल तर निदान दिसता कामा नये. असा त्रिकोण कुठे दडवायचा हे या धंद्यात मुरलेल्या कुणालाही ठाऊक असतं: जिथे कातडी आधीच दुमडलेली असते, जिथे सावली असते, जिथे वर लोकर येणार असते. कर्नलच्या अख्ख्या अंगावर अशी एकच जागा होती. मानेची डावी वळी, तिचा तळ, आणि त्या तळात मर्विनने स्वतःच वाढवलेली ती एकसष्टावी रेघ. त्याने त्रिकोणाला हनुवटीवरून हळूहळू खाली आणलं आणि त्या रेघेवर बसवलं. बैठक अशी जमली की जणू ती रेघ त्रिकोणासाठीच काढली होती.

मग त्याला आठवलं की जुळणी झाली की मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात मोजणी दिसते. चौकोन इतके, त्रिकोण इतके. वळीत दडवलेला त्रिकोण माणसाला दिसणार नाही, पण मोजणीला दिसेल.

गुरुवारी आयलंड बेच्या घरी जेवण झाल्यावर मर्विन स्वयंपाकघरात उभा राहिला आणि त्याने ग्लेनिसला विचारलं की गोल केकचं भांडं कुठे असतं.

ग्लेनिसने चष्मा काढला. "कुणाला हवंय?"

"मला."

दर शुक्रवारी नवरा घरी येऊन कुणाचा त्रिकोण सापडला आणि कुणाचा केक कसा फसला हे रंगवून सांगत आला होता. त्यामुळे तिला जास्त काही विचारावं लागलं नाही.

"म्हणजे राहिला."

"मी तसं म्हटलं नाही. केक गाडीत राहील. मोजणीत काही निघालं तर मी आपणहून जाऊन घेऊन येईन. शांतपणे. प्रमुखाला शोभेल असं. नाही निघालं तर कुणाला कळायचं कारण नाही."

"मर्विन, मी क्लबातल्या म्युरिअलला सांगून बसलेय."

"म्हणूनच म्हणतो, भांडं कुठंय?"

"खालच्या कप्प्यात. मी हात लावणार नाही. नियम तुझाय."

मर्विनने केळ्यांचा केक केला. पीठ ग्रॅमवर मोजलं, केळी वजन करून घेतली, आणि भांडं ओव्हनमध्ये अगदी मध्यावर आहे ना हे पट्टी लावून पाहिलं. केक वर आला, पण एका बाजूने. त्यावर लिंबाचं आयसिंग फासताना त्याने उंच बाजू कमी आणि खोल बाजू जास्त असं बरंच सारखं केलं. ग्लेनिस दारात उभी राहून पाहत होती. तेवढा वेळ तिने टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता.

शुक्रवारी दहा वाजता सगळे मोठ्या पडद्यासमोर जमले. मर्विन पहिल्या रांगेत बसला. तेउइला त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने फुलाफुलांचा नवा झगा घातला होता आणि तिच्या चेहऱ्यावर भूल घेण्यापूर्वीचा शांतपणा होता. मर्विनने तिला शुभेच्छा दिल्या. तिने त्याला दिल्या.

हूइयाने आधी धड आणलं. पडद्यावर कर्नल मानेपर्यंत उभा राहिला. मग डोकं आणलं आणि कड्यावर कडं ठेवलं. एकसष्ट रेघा एकसष्ट रेघांवर बसल्या. मग तिने जुळणीनंतरचं नेहमीचं बटण दाबलं. हे बटण सांध्यावरून एकदा फिरतं, दुहेरी रेघा एक करतं, आणि कुठे दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून दिसले तर मधली रेघ पुसून त्यांचा चौकोन करतं. कोपऱ्यातले आकडे क्षणभर पळाले आणि थांबले.

त्रिकोण: शून्य.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्विनने वाजवल्या नाहीत. तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होता. तीन दिवस ज्याला तो डोकंभर हाकलत होता, तो शून्य कसा झाला? त्याने हूइयाला म्हटलं, मानेची डावी बाजू जरा जवळ आण, वळी बघू या. कुणाला वाटलं असेल की तो स्वतःच्या कामाचं कौतुक करून घेतोय. हूइयाने वळी जवळ आणली. तळाशी, नेमक्या त्या जागी, एक सुंदर चौकोन होता. अर्धा सांध्याच्या वर, अर्धा खाली.

मर्विनने वरचा अर्धा ओळखला. तो त्याचाच होता. कोपरा कसा किंचित डावीकडे ओढला होता हेही त्याला आठवत होतं. खालचा अर्धा त्याचा नव्हता. आणि खालून, धडाच्या बाजूने, तो तिथे आणून बसवणारं माणूस एकच होतं.

त्याने मान वळवली. तेउइला त्याच चौकोनाकडे पाहत होती, आणि मग तिने त्याच्याकडे पाहिलं. गेले चार दिवस फळीच्या दोन्ही बाजूंना काय चाललं होतं, ते दोघांना एकाच वेळी समजलं. पुरावा पुसला गेला होता, अगदी रीतसर.

तेवढ्यात दूध आणायला गेलेला पिरिपी दारात आला. त्याच्या हातात दुधाबरोबर एक डबा होता. डब्यावर चिकटपट्टीवर तेउइलाचं नाव होतं, फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर प्रत्येकाचं असतं तसं.

"तेउइला, हा केक कसला गं?"

सगळ्यांच्या माना डब्याकडे वळल्या. या स्टुडिओत शुक्रवारी घरून भाजून आणलेल्या केकचा एकच अर्थ होता. हूइयाने पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग तेउइलाकडे.

"त्रिकोण तर नाही," ती म्हणाली. "मग केक कशाला?"

वाढदिवस म्हणता आलं असतं. मावशी म्हणता आली असती, तेउइलाला सात मावश्या होत्या. मर्विनला वाटलं ती तेच म्हणेल, आणि त्यालाही ते बरं पडलं असतं.

"एक राहिला होता," तेउइला म्हणाली. "मानेत, वळीच्या तळाशी. आठवडाभर हटला नाही. मी झालं म्हणून सांगितलं, पण झालं नव्हतं. सकाळी आले तेव्हाच केक फ्रिजमध्ये ठेवला. आता मोजणीत का दिसत नाही ते..." तिने मर्विनकडे पाहिलं नाही. "ते मला सांगता येणार नाही."

हूइयाने मान हलवली. कुणीतरी खुर्ची सरकवली. मर्विनला कळलं की जागा आता त्याची झाली आहे. त्यासाठी त्याला काहीही करायचं नव्हतं, फक्त बसून राहायचं होतं. डोक्यात त्रिकोण सापडलेला नव्हता. केक गाडीत होता आणि गाडीला कुलूप होतं. बोल्स क्लबातल्या म्युरिअलपर्यंत सगळं जमून आलं होतं. तो बसून राहिला. पडद्यावरचा चौकोनही तसाच राहिला, अर्धा वर, अर्धा खाली. खोलीत कुणाला तो वाकडा वाटत नव्हता, मर्विनला मात्र वाटायला लागला.

"दोन मिनिटं," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

गाडी समुद्राच्या बाजूला उभी होती. वाऱ्याने डिकीचं दार त्याच्या हातातून दोनदा ओढून घेतलं. त्याने डबा बाहेर काढताच झाकण उडालं, रस्ता ओलांडून गेलं, आणि पलीकडच्या गॅरेजच्या पत्र्यावर जाऊन चिकटलं. आयसिंगचा बराचसा भाग झाकणाबरोबर गेला. उरलेल्यावर किनाऱ्याची वाळू येऊन बसली. मर्विन केक छातीशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून, उलटा चालत दरवाज्यापर्यंत आला.

खोलीत येऊन त्याने केक तेउइलाच्या डब्याशेजारी ठेवला. त्याच्या शर्टावर आयसिंग होतं.

"अर्धा माझा आहे," तो म्हणाला. "वरचा."

मग सगळा उलगडा झाला. कड्यावरच्या रेघा सम की विषम हे बघायला त्या पहिल्यांदाच मोजल्या गेल्या. पिरिपीने बोटाने मोजल्या आणि एकसष्ट आल्यावर पुन्हा मोजल्या. दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला असता तर सोमवारीच हे मिटलं असतं, असं हूइयाने एकदाच म्हटलं आणि सुरी मागवली. तेउइलाचा केक कोकोचा होता, काळाभोर आणि मऊ. मर्विनच्या केकला वाळू लागत होती. सगळ्यांनी आपापला तुकडा शेवटपर्यंत खाल्ला, कारण वाट बरीच वर्षं पाहिली होती. पिरिपीने एक तुकडा सावकाश चावला.

"चव बरी आहे," तो म्हणाला. "बांधणी मजबूत."

चहा झाल्यावर हूइयाने नाव जाहीर केलं. तिने मर्विनकडे पाहून आधी सांगितलं की तुला केक आणायची गरज नव्हती, कुणी मागितला नव्हता, आणि हे मी विसरणार नाही. मग म्हणाली, "पण मर्व, केक दोन आले. एक मोजणीच्या आधी आला, एक नंतर. प्रमुखाचा आधी यायला हवा. नियम तुझा, तूच सांग."

मर्विनने नियमाचा सगळ्या बाजूंनी विचार केला. नियमात फट नव्हती. त्याने तेउइलाचा हात हातात घेऊन दाबला. नव्या प्रमुखाने त्याच दुपारी दोन हुकूम काढले: इथून पुढे प्रत्येक कडं मोजायचं, आणि टेबलांमधली फळी काढायची. फळी मर्विननेच काढली, कारण स्क्रू नीट कसा फिरवायचा याबद्दल त्याची मतं पक्की होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ग्लेनिस स्वयंपाकघरात होती. त्याच्या हातात एक ताटली होती आणि तिच्यावर दोन केकचे शेवटचे दोन तुकडे. शेवटचा तुकडा कुणी उचलायचा या भिडेने दोन्ही तसेच राहिले होते, आणि तेउइलाने ते त्याला बांधून दिले होते.

"मिळाली का जागा?"

"तेउइलाला."

ग्लेनिसने चूल बंद केली. "आणि तुला?"

मर्विनने ताटली टेबलावर ठेवली. केक जपूनच कापले होते. दोन्ही तुकडे टोकदार होते, सारख्या लांबीचे. त्याने एक उलटा फिरवला आणि दुसऱ्याला बाजूला बाजू चिकटवून लावला. एक काळा, एक पिवळा. मग चमच्याच्या पाठीने उरलंसुरलं आयसिंग मधल्या फटीवरून ओढलं. रेघ दिसेनाशी झाली, चौकोन झाला. त्याने मागे सरकून, एक डोळा मिटून पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच तो नीट खुर्चीला टेकून बसला.

"म्युरिअलला मी सोमवारी सांगते," ग्लेनिस म्हणाली. ती त्याच्या समोर बसली, काळा तुकडा उचलला आणि खाल्ला. "हिचा छान झालाय."

ताटलीत एक त्रिकोण उरला. मर्विन बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसला.